पांढरी पूड आणि गुरुवारची वीज: पिंपरीतल्या टिकवण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तुम्ही इतकी वर्षं चिंचवडला राहता, पण बोलता मात्र काशी आणि अथेन्सबद्दलच. आपल्या पट्ट्याबद्दल कधी बोलणार?" प्रश्न झोंबला, कारण तो रास्त होता. म्हणून आज पिंपरीबद्दल बोलू, भोसरीबद्दल बोलू आणि जाता जाता चाकणच्या कांद्याबद्दलही बोलू.

विषय ऐकायला जरा रूक्ष आहे. संशोधनासाठी लागणारी पेप्टाइडं प्रयोगशाळेत कशी ठेवायची, कशी हाताळायची, म्हणजे ती बिघडत नाहीत, हा तो विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यात नाक का खुपसावं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो.

आमच्याच इमारतीत एक मुलगी राहते. इथल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीचं काम करते. आम्हाला आजोबा म्हणते आणि अधूनमधून चहाला येते. मागच्या पावसाळ्यात ती आली तेव्हा चेहरा पार उतरलेला. तीन महिने तिचे प्रयोग जमत नव्हते. उन्हाळ्यापर्यंत जे पेप्टाइड पेशींवर छान परिणाम दाखवत होतं, ते आता काही केल्या परिणाम दाखवेना. मार्गदर्शक म्हणाले, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. मग मार्गदर्शकांना शंका आली की आधीचे चांगले आकडेच हिने नीट घेतले नसावेत. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ती शंका येऊ लागली होती. म्हणाली, "आजोबा, कुपी तीच आहे, नाव तेच आहे, पूड पहिल्या दिवशी होती तितकीच पांढरी आहे. मग चुकतेय ती मीच ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न आमच्या ओळखीचा होता. कुपी तीच, नाव तेच, रूप तेच. मग वस्तू तीच का? मिलिंदपञ्ह नावाच्या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला दुधाचं उदाहरण देतो. दूध काढलं, त्याचं दही झालं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे तेच दूध का? नाही. मग दुधाशी संबंध नसलेलं काही वेगळंच का? तसंही नाही. आम्ही हे उदाहरण वर्गात तीसेक वर्षं दिलं असेल. पण नागसेनाच्या उदाहरणात एक सोय आहे, ती आमच्या कधी ध्यानातच आली नव्हती. दुधाचं दही झालं की ते दिसतं, वासही येतो. या मुलीच्या कुपीत दुधाचं दही झालं होतं आणि तरी ते दूधच दिसत होतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. पदार्थ बिघडण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. दूध नासतं. वरण विटतं. पीठ आंबतं. तेल आणि शेंगदाणे खवट होतात. पाव बुरसतो. पापड आणि चिवडा सादळतो. परभाषेतून आलेल्या माणसाला हे सगळं 'खराब होणं' वाटेल, पण आपल्या आज्यांना ठाऊक होतं की हे सगळे वेगवेगळे रोग आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. खवट होणं हवेमुळे, म्हणून तेलाची बरणी काठोकाठ भरायची. सादळणं ओलाव्यामुळे, म्हणून घट्ट झाकणाचा डबा. चाकणच्या शेतकऱ्याला विचारा. तो कांदा चाळीत ठेवतो, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवतो, कारण कांद्याला कोंडलं की तो सडतो. त्याच शेतकऱ्याची बायको पापडाला वारा लागू देत नाही. ठेवण्याची एकच चांगली रीत नसते. वस्तू कशाने मरते ते आधी कळावं लागतं.

पेप्टाइडांचं शास्त्र हेच सांगतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. दोन मणी असोत, नऊ असोत की चाळीस. १९०१ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दोन मण्यांची माळ प्रयोगशाळेत ओवली आणि पुढच्याच वर्षी 'पेप्टाइड' हा शब्द रूढ केला. बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला वापरतात ते ऑक्सिटोसिन नऊ मण्यांचं. ते १९५३ मध्ये डू व्हिनो यांनी कृत्रिम रीतीने बनवलं आणि दोनच वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. १९६३ मध्ये मेरीफील्ड यांनी माळेचं एक टोक घन कणाला बांधून एकेक मणी जोडत जाण्याची युक्ती काढली. त्यानंतर हवी ती माळ मागवून घेण्याचा काळ आला. बनवणं सोपं झालं. टिकवणं मात्र होतं तिथेच राहिलं.

पण आम्ही पिंपरीचा इतिहास सांगणार म्हटलं होतं. तो पेनिसिलिनपासून सुरू होतो. रसायनाच्या काटेकोर भाषेत पेनिसिलिनला कोणी पेप्टाइड म्हणणार नाही. पण ते त्याच घरातलं लेकरू आहे. बुरशी आधी तीन अमिनो आम्लांची छोटी माळ ओवते आणि मग तिला मुरड घालून तिची कडी करते. त्या कडीतला एक चौकोन इतका ताणलेला असतो की जरा आम्ल लागलं, अल्कली लागली, ऊब लागली, तर तो फुटतो. चौकोन फुटला की औषधही गेलं.

अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट आपण शाळेत वाचतो. १९२८ चा सप्टेंबर, बशीत आलेली बुरशी, तिच्याभोवती मेलेले जंतू. ती गोष्ट तिथेच संपते, आणि आम्हाला ते नेहमी खटकतं. कारण पुढची दहा-बारा वर्षं काय झालं? फ्लेमिंगच्या सहकाऱ्यांनी तो रस आटवून पाहिला, त्यातला गुण टिकेना. १९३२ मध्ये रेस्ट्रिक यांच्यासारख्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने तो इथरमध्ये काढून पाहिला, इथर उडवला, आणि हाती काही राहिलं नाही. शोध लागलेला होता, पण शोधलेली वस्तू हातात थांबत नव्हती. जगातले हुशार लोक म्हणू लागले की हे इतकं चंचल द्रव्य औषध म्हणून कामाचं नाही.

ते थांबवलं ऑक्सफर्डमध्ये. फ्लोरी आणि चेन यांची नावं मोठी, पण युक्ती नॉर्मन हीटली या शांत माणसाची. रस थंडगार ठेवायचा, आम्ल घालून इथरमध्ये घ्यायचा, आणि लगेच, फार वेळ न दवडता, किंचित अल्कली असलेल्या पाण्यात परत खेचायचा. म्हणजे आम्लाच्या धोक्यात तो जेमतेम क्षणभरच राहिला पाहिजे. मग ते पाणी गोठवून, निर्वात करून वाळवायचं. हाती आली ती तपकिरी पूड. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांवर ती पारखली गेली. चौघांना दिली, चौघांना नाही. दिलेले जगले.

गोठवून वाळवणं, ज्याला फ्रीझ-ड्रायिंग म्हणतात, ते इथे थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालतात. कुरडया, सांडगे, पापड. पाणी गेलं की पदार्थ वर्षभर टिकतो, हे तत्त्व तेच. पण ऊन म्हणजे ऊब, आणि ऊब या नाजूक द्रव्यांना सोसत नाही. मग ऊन न लावता पाणी कसं काढायचं? कपाटात ठेवलेली डांबरगोळी न वितळताच हवेत उडून जाते, ती लहान लहान होत जाते पण ओली कधी होत नाही. बर्फालाही निर्वातात तसं करायला लावता येतं. पदार्थ गोठवायचा, हवा ओढून घ्यायची, बर्फ सरळ वाफ होऊन निघून जातो. मागे राहते ती हलकी, फुललेली पूड. हे आमच्या मते थंडीतलं वाळवण.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला पेनिसिलिन हवं होतं आणि ते परदेशातून येत होतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी हे देशात सरकारी कारखाना व्हावा यासाठी आग्रह धरणाऱ्यांपैकी एक. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. यंत्रसामग्रीला युनिसेफची मदत, तांत्रिक मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेचं. जागा पिंपरी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चं, आणि पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची. म्हणजे हा कारखाना उभा राहिला तेव्हा आजूबाजूला शेतंच होती. आज आपण या भागाला गाड्यांचा पट्टा म्हणतो, पण त्याच्या मुळाशी एक बुरशी आहे, हे विसरतो. जुनी माणसं अजून त्याला नुसतं 'एच. ए.' म्हणतात.

या कारखान्याने गावाचं नाव लॅटिनमध्येही नेलं. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी इथल्या मातीतले सूक्ष्मजीव तपासत होते. त्यांतल्या एकाला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून बुरशीवरचं जे औषध निघालं ते हॅमायसिन, आणि त्यातलं 'हॅ' म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आम्हाला याचं अजून अप्रूप वाटतं. एखाद्या गावाची शहर म्हणून नोंद व्हायच्या आधी जंतुशास्त्रात नोंद होते, असं किती गावांबद्दल म्हणता येईल?

पण आपला धागा टिकवण्याचा आहे. सुरुवातीचं अशुद्ध पेनिसिलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागे. त्याचे शुद्ध स्फटिक करता आले तेव्हा चित्र पालटलं. कोरडे स्फटिक, रबरी बुचाच्या बंद कुपीत, फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं राहू लागले. म्हणून तर ते भारतातल्या लहान गावांत पोचलं. मात्र त्याच कुपीत पाणी घातलं की घड्याळ सुरू होतं. साध्या तापमानाला जेमतेम दिवसभर, फ्रिजमध्ये आठवडाभर. आमच्या लहानपणी कंपाउंडर कुपीत सुईने पाणी सोडायचा, हलवायचा आणि ताबडतोब टोचायचा. आम्हाला वाटायचं हा निर्दय आहे, जरा थांबतही नाही. त्याचं त्या घड्याळाकडे लक्ष होतं.

पिंपरीत दुसरीही एक जागा आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. हाफकिनचे घोडे. सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला देत जायचं, त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं घ्यायची आणि सर्पदंशावरचं औषध बनवायचं. गंमत अशी की नागाच्या विषातली घातक द्रव्यं स्वतः छोट्या माळाच आहेत, साठ-सत्तर मण्यांच्या, आणि गंधकाच्या टाक्यांनी अशा घट्ट शिवलेल्या की सहज उसवत नाहीत. विष टिकाऊ, त्यावरचा उतारा नाजूक. म्हणून तोही गोठवून वाळवतात. द्रवरूपातला उतारा फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. वाळवलेली पूड थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी फ्रिजशिवाय राहते. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यात रात्र रात्र वीज नसते तिथे या फरकाची किंमत काय, ते सांगायला नको. ती पूड पाण्यात विरघळवताना कुपी जोरात हलवायची नाही, हळूच गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि प्रथिनांच्या गुठळ्या होतात. नवशिक्या डॉक्टरला घाईत नेमकी हीच गोष्ट जड जाते. समोर रोगी तडफडतोय आणि हाताने मात्र सावकाश फिरायचं.

अलीकडची एक गोष्ट लगेच सांगून पुढे जाऊ. करोनाच्या काळात एमआरएनए लसींना उणे तापमानाचे फ्रीझर लागतात म्हणून सगळे हवालदिल होते. आपल्या शेजारच्या हिंजवडीतल्या जेनोव्हा कंपनीने तशी लस गोठवून वाळवली आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहू शकली. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली. तो रेणू पेप्टाइड नव्हे, पण युक्ती तीच.

आता त्या मुलीच्या प्रयोगशाळेत जाऊ. आम्ही खरंच गेलो होतो. तिच्या मार्गदर्शकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिथे जे पाहिलं आणि नंतर वाचून, विचारून जे कळलं ते सांगतो.

पेप्टाइड येतं ते वाळवलेल्या पुडीच्या रूपात. ती उणे २० अंशांवर ठेवतात, फार दिवस ठेवायची तर उणे ८० वर. सोबत सिलिका जेलची पुडी. पहिली चूक होते ती इथे. माणूस फ्रीझरमधून कुपी काढतो आणि घाईने झाकण उघडतो. पावसाळ्यात थंड पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की बाहेरून घाम येतो ना, तसाच घाम कुपीच्या आत पुडीवर येतो. पूड सादळते. डोळ्यांना काहीही कळत नाही. म्हणून कुपी बंदच ठेवून, डेसिकेटरमध्ये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच उघडायची. अर्धा-पाऊण तास जातो. आमच्या मते हा अर्धा तास प्रयोगाचाच भाग आहे, पण वहीत त्याला जागा नसते म्हणून तो गाळला जातो.

दुसरं म्हणजे माळेत मणी कोणते आहेत ते बघायचं. सिस्टीन, मिथिओनीन, ट्रिप्टोफॅन असले तर ती खवट होणाऱ्या जातीची. हवेतला ऑक्सिजन त्यांना बाधतो. अशांच्या कुपीत शक्यतो नायट्रोजन किंवा आरगॉन भरून झाकण लावतात. अ‍ॅस्पॅराजीन असलं तर पाण्यात हळूहळू त्याचं रूप पालटतं आणि अख्ख्या रेणूच्या वजनात फरक पडतो तो केवळ १ डाल्टनचा. कित्येक हजारांत एक! नागसेनाने हे ऐकलं असतं तर त्याने दुधाचं उदाहरण बाजूला ठेवलं असतं.

तिसरं वजनाचं. कुपीवर १ मिलिग्रॅम लिहिलं आहे म्हणून आत १ मिलिग्रॅम पेप्टाइड असतं असं नाही. त्यात बनवताना चिकटलेलं आम्लाचं मीठ असतं, थोडं पाणी असतं. शुद्धता ९८ टक्के लिहिलेली असते, ती इतर पेप्टाइडांच्या तुलनेत. एकूण पुडीतला पेप्टाइडचा वाटा त्याहून बराच कमी असू शकतो. वाण्याकडून ओला गूळ घेताना आपण जे बोलतो, तेच इथे विचारायला हवं: यात पाणी किती?

मग विरघळवणं. पेनिसिलिनचं पाहिलं तेच, पाणी लागलं की घड्याळ सुरू. म्हणून एकदाच विरघळवायचं आणि लगेच छोट्या छोट्या नळ्यांत, एका वेळेला पुरेल एवढं, वाटून ठेवायचं. लग्नघरात तुपाचा मोठा डबा दहा वेळा उघडत नाहीत, लहान वाडग्यात काढून घेतात, तसं. पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं हे सगळ्यात वाईट. पाणी गोठतं तेव्हा आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या थोड्या द्रवात मीठ, आम्ल, पेप्टाइड सगळं दाटीवाटीने कोंडलं जातं. काही बफरांची आम्लता त्या वेळी एकदम बदलते. म्हणजे गोठताना आणि वितळताना, दोन्ही वेळा त्या रेणूला गर्दीतून जावं लागतं. आणि द्रावण फार पातळ असलं तर पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. दुधाच्या पातेल्याला खरवड बसते तसं, फक्त ही खरवड दिसत नाही.

फ्रीझरचीही एक खोड आहे. घरी आपल्याला बर्फ न साचणारा फ्रिज आवडतो. तो बर्फ साचू देत नाही, कारण ठरावीक वेळाने आतून स्वतःला थोडा तापवतो. आईसक्रीमला चालतं. पेप्टाइडला नाही.

हे सगळं मुलीला माहीत होतं, बरं का. तिने पूड नीट उघडली होती, नळ्या वाटून ठेवल्या होत्या. मग बिघडलं कुठे?

आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे की इथे रविवार रविवारी नसतो, गुरुवारी असतो. भोसरी-पिंपरीकडच्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, कारण विजेच्या देखभालीची कामं त्या दिवशी. तिच्या प्रयोगशाळेत जनरेटर होता. पण उन्हाळ्यात जागेची अडचण झाली म्हणून तो लहान फ्रीझर दुसऱ्या भिंतीला हलवला होता, आणि त्या भिंतीची जोडणी जनरेटरवर नव्हती. गुरुवारी सकाळी वीज जायची, संध्याकाळी यायची. शुक्रवारी सगळे कामावर आले की फ्रीझर आपला थंडगार, नळ्या कडक गोठलेल्या. असे किती गुरुवार गेले असतील! तपमापक होता, पण तो फक्त आत्ताचा आकडा दाखवणारा. काल दुपारी किती होतं हे सांगणारा नव्हता.

शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर नमुना तपासला. अपेक्षित वजनाच्या शेजारी १६ डाल्टनने जड असा दुसरा डोंगर उभा. १६ म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. मिथिओनीन खवट झालं होतं. पुडीच्या मूळ कुपीतही, ती त्याच फ्रीझरमध्ये असल्याने, तोच डोंगर थोडा लहान आकारात होता. तिचे उन्हाळ्याआधीचे आकडे खरे होते. नंतरचेही खरेच होते, फक्त ते दुसऱ्याच वस्तूचे होते.

इथे आम्हाला आमचं जुनं न्यायशास्त्र आठवलं. ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. विज्ञान म्हणजे प्रत्यक्ष, आणि शब्दप्रमाण म्हणजे पोथीवर विश्वास, असं आम्ही तरुणपणी फार ठासून बोलायचो. त्या फ्रीझरसमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं की इथे प्रत्यक्षाला काही किंमत नाही. सगळ्या पुडी पांढऱ्या. कुपीवरची चिठ्ठी हाच आधार: नाव, बॅच क्रमांक, तारीख, कशात विरघळवलं, किती प्रमाणात, किती वेळा वितळवलं. म्हणजे शब्दप्रमाण. ज्याने ती चिठ्ठी लिहिली तो आप्त आहे का, खरं सांगणारा आणि जाणणारा आहे का, यावर पुढच्या माणसाचे सहा महिने अवलंबून. आणि चिठ्ठीवर गुरुवारची नोंद कोणीच केली नव्हती, कारण गुरुवारी तिथे कोणी नव्हतंच. त्या मुलीवर शंका घेणाऱ्यांनाही आम्ही दोष देत नाही. माणूस आणि कुपी यांत शंका घ्यायची वेळ आली की आपण माणसावर घेतो, कारण कुपीचा चेहरा बदलत नाही.

एक सावधगिरीचं बोलून घेतो, कारण व्याख्यान ऐकणाऱ्यांत तरुणही आहेत. अशा पुडी 'केवळ संशोधनासाठी' अशा शिक्क्याने विकल्या जातात आणि काही मुलं व्यायामशाळेत एकमेकांचं ऐकून त्या टोचून घेतात. शुद्ध आहे का, निर्जंतुक आहे का, वाटेत किती गुरुवार पाहिले, काही माहीत नाही. ज्या कुपीवर प्रयोगशाळेतली तज्ज्ञ मुलगी तीन महिने फसली, तिची पारख आपण आरशासमोर कशी करणार? असलं काही करू नका. डॉक्टरांकडे जा.

वेळ होत आला. दोन प्रश्न आलेत ते घेऊ.

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या आईचं इन्सुलिन गावाला माठात ठेवतात, ते चालतं का. इन्सुलिन हीही माळच, ५१ मण्यांची. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी फेकून द्यायचं. चालू असलेली कुपी बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे बाहेर चालते, पण तुमच्या औषधाच्या पत्रकात काय लिहिलंय ते बघा. उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूवरचा माठ हा चांगला उपाय आहे; कुपी पिशवीत घालून ठेवा, पाण्यात बुडू देऊ नका.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: वीज गेली होती की नाही हे स्वस्तात कसं कळेल? नोंद ठेवणारा तपमापक आता फार महाग राहिलेला नाही, तो घ्यावा. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंडी धरून ठेवतो. पण त्या मुलीने जे केलं तेही सांगतो. एका लहान डबीत पाणी गोठवलं आणि बर्फावर नाणं ठेवलं. शुक्रवारी नाणं वर दिसलं तर ठीक, खाली गेलेलं दिसलं तर काल बर्फ वितळला होता. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे आपलं शाळकरी अनुमान, तसंच हे. अर्थात नाणं फक्त बर्फ वितळला का एवढंच सांगतं. उणे २० चं उणे ५ झालं तर ते वरच बसून राहील. म्हणून तपमापक हवाच. तिच्या फ्रीझरची जोडणी आता जनरेटरवर आहे, नवी कुपी आली आहे आणि प्रयोग पुन्हा जमू लागलेत. डबी मात्र तिने अजून काढलेली नाही. नाणं कोणतंही चालतं, तिने रुपयाचं ठेवलंय.